चित्रातली एकटी कमान

मी एक जुने पुस्तक आहे, आणि माझ्यामुळे एका माणसाचा पाय अधू झाला. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे बोलायला धीर येईल.

माझ्यात स्पेन देशातल्या शहरांची हकिगत आहे. चाळीस वर्षांपूर्वी मी पुण्यात छापले गेले. दिंद्रुड गावातल्या एका लहान वाचनालयात आले, तेव्हा माझी बांधणी कोरी करकरीत होती. ग्रंथपाल गहिनीनाथ यांनी मला दर्शनी कपाटात ठेवले. पण लोक कादंबऱ्याच नेत. हळूहळू मी मागच्या फळीवर गेले आणि धूळ खात पडले.

मग एके दिवशी मालनबाई आल्या. त्या सातवी शिकलेल्या. त्यांचे यजमान ज्ञानोबा गवंडी होते. त्यांना वाचता येत नसे, पण बांधकामाची चित्रे पाहायला फार आवडत. गहिनीनाथांनी माझी धूळ झटकून मला मालनबाईंच्या हाती दिले.

रोज संध्याकाळी ओट्यावर मालनबाई मला वाचत आणि ज्ञानोबा ऐकत. राजाने राजधानी केल्यामुळे लहानशा माद्रिदचे केवढे मोठे शहर झाले, हे ऐकून ते म्हणाले की तालुका झाला की गाव वाढतेच. सेव्हिलला नदीतून सोन्याचांदीची जहाजे येत. पुढे गाळ साचला आणि जहाजे दुसऱ्या बंदराकडे वळली, याची त्यांना हळहळ वाटली. कोर्दोबाच्या लाल-पांढऱ्या कमानी ते बोटाने मोजत. व्हॅलेन्सियात दर गुरुवारी दुपारी चर्चच्या दाराशी शेतकरी पंच बसतात आणि कालव्याच्या पाण्याची भांडणे तोंडी मिटवतात, हे वाचताना मालनबाईंना हसू आवरेना. माजलगावच्या कालव्यावर असे पंच बसवले तर गुरुवार पुरणार नाही, असे त्यांचे मत पडले. बार्सिलोनातल्या एका चर्चचे काम शंभर वर्षे चालूच आहे, हे मात्र ज्ञानोबांनी दोनदा वाचून घेतले.

मी सुखात होते. मला इतके कुणी वाचलेच नव्हते.

मग सेगोव्हियाचे पान आले. तिथे रोमन लोकांनी शहरात पाणी आणायला बांधलेला उंच पूल आहे. त्याच्या एका कमानीचे पानभर चित्र माझ्यात आहे. खाली लिहिले आहे, ‘या दगडांत चुन्याचा थेंबही नाही. दगडाने दगड धरला आहे.’

“चुना न्हाई?” ज्ञानोबांनी विचारले.

“न्हाई. दोन हजार वर्सं उभा हाय, असं लिव्हलंय.”

त्या वर्षी ज्ञानोबांच्या वस्तीतल्या बुद्धविहाराला प्रवेशद्वार बांधायचे होते. लोकांच्या मनात साधे सिमेंटचे होते. ज्ञानोबांनी दगडी कमानीचा हट्ट धरला. वस्तीतली निम्मी घरे त्यांनीच बांधलेली, म्हणून कुणी मोडता घातला नाही. तीन महिने त्यांनी दगड घडवले. चित्रातल्यासारखे दोन सडपातळ खांब उभारले, लाकडी आधारावर कमान रचली. मालनबाई मला उघडून धरत आणि ते पुन्हा पुन्हा माझ्याकडे पाहत.

आधार काढायच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना लांब उभे केले आणि शेवटची लाकडे स्वतः काढली. कमान क्षणभर उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात दोन्ही खांब बाहेरच्या बाजूला कलले आणि दगड खाली आले. ज्ञानोबांचा डावा पाय त्यांच्याखाली सापडला.

मित्रांनो, माझा गुन्हा ऐका. सेगोव्हियाच्या पुलाला एकापुढे एक शंभराहून जास्त कमानी आहेत. प्रत्येक कमान शेजारच्या कमानीचा बाहेरचा रेटा तोलून धरते; एकटी कमान आपल्याच खांबांना बाहेर ढकलते. माझे पान अरुंद होते, म्हणून छापणाऱ्याने चित्राच्या दोन्ही कडा कापल्या. लिहिणाऱ्यानेही त्याबद्दल अक्षर लिहिले नाही. त्याच चित्राचा मला सगळ्यांत जास्त गर्व होता.

मालनबाईंनी मला परत केले. गहिनीनाथांनी मला रद्दीत काढायचे ठरवले. ते कळताच ज्ञानोबा कुबडी टेकत स्वतः वाचनालयात आले.

“टाकू नका सर,” ते म्हणाले. “त्यात खोटं काय न्हाई. बाकीच्या कमानी दिसंनात, एवढंच. मला दवाखान्यात पडल्यावर उमगलं.”

त्यांनी मला शिवी दिली असती, तर मला बरे वाटले असते.

विहाराला आता सिमेंटचे प्रवेशद्वार आहे. ते दुसऱ्या गवंड्याने बांधले. ज्ञानोबा बसून करायची कामे करतात.

मित्रांनो, पुस्तकांना पाण्यापासून आणि वाळवीपासून जपा. पण आमच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नका. चित्र पाहाल, तेव्हा त्याच्या कडेबाहेर काय आहे, हे जाणत्या माणसाला विचारा. आम्ही आपण होऊन सांगत नाही.

मालनबाई मला अजूनही घरी नेतात. बार्सिलोना संपले की त्या सेगोव्हियाची दोन पाने एकदम उलटतात. ज्ञानोबांना शहरांचा क्रम तोंडपाठ आहे. ते मान खाली घालून पुढचे शहर ऐकतात.