जमुनाचा पाळणा

तारापूरच्या कारखान्यातला फिटर रामकिसन वादात कोणाला हार जात नसे. नव्याण्णव साली बोईसरच्या गणेशोत्सवात वादविवादाचा विषय होता : नक्कल होऊ नये म्हणून गाण्यांच्या सीडीला कंपन्यांनी कुलूप घालावं का? रामकिसन विरोधात बोलला.

"माझी सायकल नेली तर मला पायी जावं लागतं. गाण्याची नक्कल केली तर मूळ गाणं मालकाकडंच राहतं. मग चोरीला गेलं काय?"

टाळ्या पडल्या. त्याचा गाववाला झुंबर स्टेशनजवळ गाण्यांच्या नकला सीडीत भरून द्यायचा. त्यानं तर पाठ थोपटली.

पुढं रामकिसननं त्याच्याकडं एक कॅसेट दिली. दीड वर्षाची होऊन वारलेल्या लेकीसाठी, जमुनासाठी, बायकोनं, रत्नाबाईनं, रचून गायलेला पाळणा तीत होता. टेप झिजत चालली होती, म्हणून सीडी हवी होती. रत्नाबाईला त्यानं विचारलं नाही.

मार्गशीर्षात बेटेगावला एका बारशाला दोघं गेली. स्पीकरवर पाळणे लागले होते. मध्येच रत्नाबाईच्याच आवाजात जमुनाचा पाळणा लागला.

"कोणाची गं ही जमुना?" एक बाई हसत म्हणाली.

रत्नाबाई घुगऱ्यांची वाटी खाली ठेवून बाहेर पडली.

रामकिसन झुंबरकडं गेला.

"पाळण्यांच्या सीडीत घातलं," झुंबर सहज म्हणाला. "वहिनींचा आवाज गोड हाय. आन् कॅसेट तर तुमच्याकडंच हाय की, भाऊ. गेलं काय?"

रामकिसन माघारी फिरला. वाटेनं तो आपलंच बोलणं उलगडत राहिला. मूळ जागेवर राहतं, हे खरं. पण म्हणून काहीच जात नाही, हे त्यानं कधी सिद्ध केलंच नव्हतं. सायकलचं उदाहरण पुढं करून एकाला दुसरं नुसतं जोडून दिलं होतं. जमुनाचं नाव कोणापुढं घ्यायचं हे रत्नाबाईच्या हातात होतं. ते गेलं होतं.

"कॅसेट मीच दिली झुंबरला," घरी येऊन तो म्हणाला.

"मी नको म्हणाले असते, म्हणून इचारलं नाही ना?"

त्याची मान खाली गेली. ते खरं होतं.

झुंबरनं गाणं काढून टाकलं, पण विकलेल्या सीड्या गावोगाव गेल्या होत्या. सुट्टीच्या दिवशी रामकिसन त्या मागत हिंडला. लाजत कारण सांगायचा, बहुतेक लोक देऊन टाकायचे. माकुणसारला एक बाई म्हणाली, "नेताव तर न्या. पण आमची पोर ह्याच्यावरच निजते."

त्याला हात पुढं करवेना. घरी येऊन त्यानं तेही सांगितलं.

रत्नाबाईनं विचारलं, "केवढी हाय पोरगी?"