नववा प्रश्न

"मॅडम, तेच प्रश्न पुन्हा काऊन? आमचे पह्यले कागद हरवले काय?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून आचलने भर वर्गात विचारलं. मागे प्रेरणा तोंड दाबून हसत होती.

मनाविषयीच्या अभ्यासाची प्रश्नावली घेऊन वर्ध्याहून आलेल्या मॅडमही हसल्या. "हे प्रश्न इंग्रजीतून मराठीत आणलेत. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारायचे. माणसाचं मन तेच असेल, तर उत्तरंही जवळपास तीच यायला हवीत. नाही आली, तर आमचं भाषांतर कच्चं."

आचल खाली बसली. नववा प्रश्न होता: 'मी घेतलेल्या निर्णयाचा मला पस्तावा होतो.'

मागच्या वेळी कागद घरी भरून आणायचा होता. तिने तो बाबांच्या एसटीडी फोनच्या दुकानात, त्यांच्या शेजारी बसून भरला आणि 'कधीच नाही'वर खूण केली. दहावीनंतर शाळा सोडून दुकान सांभाळायला तिने त्याच आठवड्यात होकार दिला होता.

आता पेन हलेना. खरं लिहिलं तर मॅडमची मेहनत वाया जाणार. खोटं लिहिलं तर हाच कागद आपल्या खोट्याचा साक्षीदार होणार.

तिने 'नेहमी'वर खूण केली आणि कागद घेऊन टेबलापाशी गेली.

"मॅडम, तुमचं भाषांतर पक्कं हाय. तवा बाबा बाजूले होते, म्हणून मीच खोटं लिहिलं."

मॅडमनी वहीत लिहून घेतलं: घरी भरायला देऊ नये.

संध्याकाळी दुकानात बाबा गिऱ्हाइकाला फोनचं बिल फाडून देत होते, आई बाजूला उभी होती. आचलने दप्तर खाली ठेवलंच नाही.

"बाबा, आई, मी हो म्हटलं होतं, ते खोटं होतं. मी दुकानात नाई बसत. अकरावीले जाणार हाय."