फिकं लागलं तर

"डोळे मीट. चिटिंग नाय करायची," शेजारच्या कढईवरचा रघु म्हणाला आणि त्याने बंद मूठ दत्तारामच्या नाकाखाली धरली.

दत्तारामने श्वास सावकाश आत ओढला. "दगडफूल."

"आणि हे?"

"जायपत्री. पण त्याआधी तू ह्याच हातानं तंबाखू मळलीस."

रांगेतल्या बायका खळखळून हसल्या. रघुने हात पँटला पुसला आणि तिसऱ्यांदा मूठ पुढे केली. दत्तारामने वास घेतला, पुन्हा घेतला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाला, "काहीच नाही. रिकामी आहे मूठ. आता काय सकाळच्या आंघोळीचा साबण पण सांगू?"

"कुत्रा झालास रे तू दत्ता, कुत्रा! विमानतळावर लावला पाहिजे तुला!"

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. पावसाळ्याआधी वर्षाचा मसाला बरण्यांत भरायचा म्हणून अख्खी मुंबई लालबागच्या त्या एका गल्लीत उतरली होती. एका बाजूला ओळीने मांडलेल्या कढया, दुसऱ्या बाजूला मसाला कुटणारी मुसळं, आणि मधे पदर नाकाला लावून शिंकणाऱ्या बायका. या खकाण्यात कोणाही माणसाला वाटलं असतं, नाक नसतं तर बरं झालं असतं. दत्तारामला मात्र त्यात धणे वेगळे कळत होते, खसखस वेगळी, चक्रीफूल वेगळं. नुकतं वाचायला शिकलेलं पोर रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मोठ्यानं वाचत जातं, तसं सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याचं झालं होतं.

नोव्हेंबरात रघुनेच त्याला टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं होतं. तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे आणि पाय सुजलेले होते. पहिले चार दिवस हात इतके थरथरत होते की चहाचा कप नर्सला धरावा लागला. भिंतीवरून मुंग्या चालताहेत, असं तो ओरडत होता; भिंत स्वच्छ होती. "घरच्या घरी दारू एकदम बंद केली असतीत तर जिवावर बेतलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मग एकेक गोष्ट परत येऊ लागली. आधी हात थांबले. मग भूक आली, ती अशी की सकाळी सात वाजता भाकरी मागायची. झोप दोन महिन्यांनी आली. तळपायाची आग अजून पुरती गेलेली नव्हती. मार्चमध्ये रिपोर्ट पाहून बाई म्हणाल्या, "लिव्हर सावरतंय. त्याला वेळ द्या, आणि थेंबसुद्धा देऊ नका."

नाकाबद्दल त्या काहीच बोलल्या नव्हत्या. दारूनं मेलेलं ते नाक पंधरा दिवसांपूर्वी, न सांगता परत आलं. करी रोडच्या चाळीत सकाळी गॅलरीत दात घासताना अक्षदा शेजारून गेली आणि तो थबकला.

"तेल बदललंस काय गं?"

"बाबा," तेरा वर्षांची मुलगी म्हणाली, "त्याला दोन वर्षं झाली."

त्या दिवशी त्याने बांगडे हुंगले, वर्तमानपत्र हुंगलं, शेजारच्या अण्णांचं बामही हुंगलं. सोमवारी शामरावांनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, त्याला पुन्हा कढईवर उभं केलं. भाजणाऱ्याचं सगळं कसब नाकात असतं. धणे रंग बदलायच्या आधी वास बदलतात; त्या एका क्षणाला झारा उचलला नाही तर खेळ संपला. दोन वर्षांपूर्वी तो क्षण दत्तारामच्या हातून निसटला होता, आणि तोही घरच्याच मसाल्यात. धणे करपले. त्याच्या बायकोनं, लक्ष्मीनं, तो मसाला टाकला नाही. घर वर्षभर कडू आमटी जेवलं. शामरावांनी कढई काढून घेतली आणि त्याला पोती उचलायला लावलं.

या आठवड्यात त्याने चोवीस घरांचे मसाले भाजले होते. एकही तक्रार नव्हती. आता फक्त पंचविसाव्या घराची वाट पाहायची होती, आणि ते घर समोरून येत होतं.

लक्ष्मी दोन कापडी पिशव्या घेऊन रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर तिने यादी शामरावांपुढे ठेवली. नवऱ्याकडे बघितलं, पण हसली नाही.

"रघुभाऊ, आमचं तुम्हीच भाजा हां," ती म्हणाली.

रघुचा चेहरा पडला. "वहिनी, अहो, हा आहे ना. ह्याचं नाक बघा एकदा. आत्ताच..."

"तुम्हीच भाजा."

आधीच स्वच्छ असलेली कढई दत्तारामने फडक्याने पुन्हा पुसायला घेतली. शामराव यादी वाचत माल काट्यावर टाकू लागले.

"बेडगी मिरची दीड किलो. संकेश्वरी अर्धा. धणे अर्धा किलो. लवंगी अर्धा."

फडकं थांबलं. "लवंगी?"

"हो, लिहिलंय इथं."

"अर्धा किलो लवंगी कुठल्या घरात जाते, शामराव? लक्ष्मी, आईच्या यादीत लवंगी नव्हतीच. तोंड भाजेल सगळ्यांचं."

"माहितीय," लक्ष्मी म्हणाली.

"मग?"

ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. "तुम्हाला फिकं लागायचं. ताट सरकवून द्यायचात. आधी मूठभर घातली. मग पाव किलो. मग अर्धा."

मागची बाई जोरात शिंकली. दत्ताराम लाल, बारीक मिरच्यांच्या ढिगाकडे बघत राहिला. गेले पंधरा दिवस घरचं कालवण त्याला जाळत होतं. जीभ नवी आहे, सवय होईल, असं समजून तो मुकाट जेवत होता. आता त्याला अक्षदाची वाटी दिसली. जेवताना ती माशाची तुकडी पाण्याच्या वाटीत बुडवून मग खायची. लहान होती तेव्हापासून. "कोकणातली पोर, आणि मासे धुऊन खाते!" म्हणून तो चारचौघांत तिची टिंगल करायचा. आणि लक्ष्मी रोज ताकभात. ताक पोटाला बरं असतं, म्हणायची.

"काढ ती लवंगी," तो म्हणाला.

"नको."

"अगं, मला आता कळतं सगळं. जीभ आलीय माझी."

"पाच महिने झालेत," लक्ष्मी हळू म्हणाली. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मसाला वर्षाचा आहे. मधेच परत तुम्हाला फिकं लागलं तर?"

रघु कढईत बघू लागला. शामरावांनी उगाच चष्मा पुसला. गल्लीतली मुसळं धडधडत होती.

शपथ घ्यायला दत्तारामचं तोंड उघडलं. आईची, पोरीची, गणपतीची, सगळ्यांची घेऊन झाली होती. त्याने तोंड मिटलं. मग म्हणाला, "लागलं तर मी ताट सरकवीन. म्हणेन, फिकं आहे."

"हो ना. तेच म्हणते मी."

"आणि तुला त्याच घटकेला कळेल. तोंडाला वास यायच्या आधी, झोकांडी जायच्या आधी. मग मिरची वाढवू नकोस. रघुला हाक मार."

लक्ष्मीने मान वर केली. त्याच्या डोळ्यांत ती बघत राहिली. पांढरे झाले होते ते. तो नजर चुकवेल म्हणून थांबली असावी. त्याने चुकवली नाही.

तिने काट्याच्या ताटलीत हात घातला. एक मूठ लवंगी उचलून परत पोत्यात टाकली. मग दुसरी. मग दोन्ही हातांनी. आकडे भराभरा उतरत गेले. शेवटच्या चार-पाच मिरच्या ताटलीला चिकटल्या होत्या. त्याही तिने वेचून काढल्या.

"वहिनी, आणा मग इकडं," रघुने हात पुढे केला.

"तुम्हाला रांग केवढी आहे, भाऊ," लक्ष्मी म्हणाली आणि धण्यांची पिशवी तिने दत्तारामच्या कढईपाशी नेऊन ठेवली. "पण मी इथंच उभी राहणार. करपले तर बघा."

"धूर येईल डोळ्यांत."

"येऊ दे."

दत्तारामने गॅस बारीक केला.