फिक्या पाट्या

सौदामिनीचा भाऊ अनय चैत्रात गेला. औशाहून येताना गाडी उलटली, एवढंच निमित्त. चौदाव्या दिवशी ती लातूरच्या ऑफिसात आली, खुर्चीवर बसली आणि अर्धं राहिलेलं काम पुढं करायला लागली. बोलताना तिचा आवाज कुठं कापला नाही. डिझाइन स्टुडिओचे मालक संगमेश्वरअप्पा यांनी आणखी आठ दिवस घरी राहा म्हणून सांगून पाहिलं. ती म्हणाली, घरी काय अन् इथं काय, सारखंच आहे. ते खरंच होतं. रडू येत नव्हतं, झोप वेळेवर लागत होती, ताटात पडेल ते ती जेवत होती. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं.

स्टुडिओत सहा माणसं. दर गुरुवारी जेवणानंतर ज्यानं त्यानं आपलं काम छापून भिंतीवर लावायचं आणि बाकीच्यांनी समोर उभं राहून बोलायचं, ही पद्धत सौदामिनीनंच अकरा वर्षांपूर्वी पाडली होती. पोरं गुरुवारला भ्यायची आणि त्याचीच वाटही बघायची. कारण ती 'आवडलं नाही' असं कधी म्हणायची नाही. म्हणायची, "दहा पावलांवरून मला आधी फोन नंबर दिसतो, दुकानाचं नाव नंतर. तुला तसंच पाहिजे का?" मग ज्याचं काम असेल तो भिंतीकडं बघायचा आणि त्याचं त्यालाच उमगायचं.

चैत्रानंतर गुरुवार होत राहिले, पण ती भिंतीवरून नजर फिरवायची आणि म्हणायची, "छान आहे. पाठव." पहिल्यांदा पोरांना हायसं वाटलं. मग ती एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. पण जिच्या घरात आत्ताच मयत झाली तिला कोण काय बोलणार?

त्याच सुमारास नांदेडच्या एका नव्या डोळ्यांच्या हॉस्पिटलचं काम आलं. आतल्या सगळ्या पाट्या करायच्या होत्या. अप्पांनी ते अक्षराला दिलं. अक्षरा उदगीरची, सव्वीस वर्षांची, आणि एवढं मोठं काम तिच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं. तिनं जीव ओतून केलं. पांढऱ्या पाटीवर फिकी करडी, सडपातळ अक्षरं. डॉक्टर मंडळी खूश झाली, हॉटेलासारखं वाटतं म्हणाली. अक्षराच्याच मनात मात्र किंतु होता. गुरुवारी तिनं सौदामिनीला विचारलं की रंग फिका पडलाय का, अक्षरं बारीक झालीत का. सौदामिनीनं पाहिलं. पांढऱ्यावर करडं होतं. त्यापुढं तिच्या मनात काही उमटलं नाही.

"छान आहे," ती म्हणाली. "पाठव."

पाट्या लागल्या. महिन्याभरात हॉस्पिटलातून फोन आला की पेशंट भलत्याच खोल्यांत शिरतायत, तुम्ही एकदा येऊन बघा. अप्पांनी दोघींना पाठवलं. सकाळच्या एसटीनं त्या निघाल्या. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, अक्षरा खिडकीतून बाहेर बघत राहिली. सौदामिनीला तिच्याशी काहीतरी बोलावं असं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

हॉस्पिटलात प्रत्येक पाटीखाली कागद चिकटवलेला होता आणि त्यावर जाड मार्करनं कुणीतरी लिहिलं होतं: तपासणी इकडं. चष्म्याचा नंबर तिकडं. एका कोपऱ्यावर एक म्हातारी भिंतीला हात लावून उभी होती. तिच्या एका डोळ्यावर पट्टी होती. अक्षरानं तिला कुठं जायचंय ते विचारलं. कंधारकडची कोंडाबाई होती ती.

"थेंब टाकायच्या खोलीत जा म्हणले," ती म्हणाली. "भिंतीवर लिव्हलंय म्हणले. मला तर नुसती भिंतच दिसून राहिली, बाई."

अक्षरानं पाटी वाचून दाखवली. त्यावर म्हातारी जरा ताठली. "चौथी शिकलेय मी. वाचता येतंय मला. दिसाया तर पायजे."

अक्षरानं तिचा हात धरून तिला खोलीपर्यंत नेलं. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

व्यवस्थापक सत्यम नावाचा तरुण होता. बोलायला गोड, पण बोलला ते लागणारं होतं. ज्या हॉस्पिटलात निम्मे लोक मोतीबिंदूचे, तिथं असा रंग कुणाला सुचला, असं त्यानं विचारलं. अक्षरा म्हणाली की तो तिनंच निवडला. सौदामिनी शेजारच्या खुर्चीवर होती. आपण पास केलं हे आता सांगायला पाहिजे, हे तिला कळत होतं. जीभ हलली नाही. सत्यमनं पंधरा दिवसांची मुदत दिली आणि दोघी बाहेर पडल्या.

समोरच्या हॉटेलात अक्षरानं चहा सांगितला. चहावर साय धरली तरी तिनं कप उचलला नाही.

"ताई, एक बोलू का? राग मानू नका."

"बोल."

"चूक माझीच हाय. पण मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही छान म्हणलात. तुम्ही बघितलंच नव्हतं." ती थांबली, मग एका दमात बोलली. "आधी तुम्ही माझं काम पार उसवून ठेवायच्या. मी रूमवर जाऊन रडायचे. पण कुणीतरी नीट बघितलं, असं वाटायचं. आता तुम्ही छान म्हणता, तर मला वाटतं, मी तिथं उभीच न्हाई."

सौदामिनीनं ते ऐकलं. शब्द लांबून, रस्त्याच्या पलीकडून आल्यासारखे आले, पण आले.

"मला काहीच वाटत नाही, अक्षरा," ती म्हणाली. "चांगलं नाही, वाईट नाही. पाटी बघितली तरी नाही. अनय गेला त्या दिवशीही नाही."

हे तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. अक्षरानं चहावरची साय बोटानं बाजूला सारली.

"वाटलंच पायजे असं कुठंय," ती म्हणाली. "दिसतंय ते तर सांगा."

दुपारची गाडी त्यांनी सोडून दिली. परत आत जाऊन लिफ्टसमोरच्या बाकावर बसल्या आणि दोन तास येणारी-जाणारी माणसं बघितली. सौदामिनी बोलत होती, अक्षरा लिहून घेत होती. लिफ्टमधून बाहेर पडलेला माणूस आधी डावीकडं बघतो, पाटी उजवीकडं आहे. पाटीचा पृष्ठभाग चकचकीत आहे, ट्यूबलाइट त्यात चमकते. पट्टी बांधलेली माणसं भिंत धरून चालतात, त्यांची मान खाली असते, पाटी डोक्याच्या वर आहे. सामान वाचून दाखवावं तशा कोरड्या आवाजात ती सांगत गेली. ऊर भरून आला नाही की हलकंही वाटलं नाही. पण दिसत होतं, आणि एकामागून एक दिसत होतं.

निघताना ती एकटीच सत्यमच्या खोलीत गेली. पाट्या आपणच मंजूर केल्या, अक्षरानं शंका काढली होती ती आपण उडवून लावली, असं तिनं त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि नव्या पाट्या किती तारखेला लागतील ते विचारलं.

बाराव्या दिवशी लागल्या. पिवळ्यावर काळी, वीतभर उंचीची अक्षरं. शिवाय भिंतीवर कमरेच्या उंचीला एक खरखरीत पट्टी, जी हातानं चाचपत थेंबांच्या खोलीपर्यंत जाता येई. ती पट्टी अक्षराच्या डोक्यातून निघालेली. पाट्या लागायच्या आधीच्या गुरुवारी सौदामिनीनं स्टुडिओच्या भिंतीवर तिचं चित्र पाहिलं तेव्हा दाराशी ती कुठं तुटणार, एवढंच विचारलं, आणि अक्षरानं तो भाग नव्यानं आखला.

पुढच्या गुरुवारी सौदामिनीनं स्वतःचं काम लावलं. करडईच्या तेलाचं नवं लेबल होतं. चार महिने माझ्या कामावर कुणी बोललेलं नाही, ती म्हणाली, आज बोला. पोरांनी अप्पांकडं बघितलं. मग अप्पा पुढं झाले.

"सांगू का? हे मेलेलं दिसतंय."

शब्द निघून गेला आणि अप्पांनी जीभ चावली. अक्षरानं मान खाली घातली.

सौदामिनी लेबलाकडं बघत होती. "कशामुळं?" तिनं विचारलं.

अप्पांनी घसा साफ केला. सगळं मधोमध आलंय, ते म्हणाले. कडेला काहीच नाही, नजर जाऊन तिथंच बसते. आणि हा पिवळा तेलाचा नाही, हळदीचा आहे.

तिनं पेन्सिल घेतली आणि लेबलाच्या कडेला ते लिहिलं.

"आणखी?" ती म्हणाली.