मातीचं माहेर

थोरलीला राग यायला कारण लागत नाही, असं गावात म्हणत. हे साफ खोटं होतं. कारण लागायचं, आणि ते कुणी ना कुणी रोज तिच्या दारात आणून टाकायचं. पण यंदाचा राग नेहमीचा नव्हता. तो मातीवरून होता.

गाव डोंगराच्या पार वरच्या अंगाला, ढग दारातून आत येतील अशा उंचीवर. सपाट जागा म्हणावी तर शाळेचं अंगण तेवढं. बाकी सगळी शेतं पायऱ्यांची, प्रत्येक पायरीला दगडांचा बांध. पाऊस झाला, बर्फ वितळलं, की वरच्या पायरीची माती खालच्या पायरीवर उतरते, तिथून आणखी खाली, आणि शेवटी सगळ्यात खालच्या बांधाला येऊन टेकते. म्हणून पेरणीआधी अख्खं गाव ती माती टोपल्यांत भरून परत वर नेतं. टोपली पाठीवर, तिचा पट्टा कपाळाला, आणि छातीवर येणारी चढण. याला गावात ‘माती माहेरी नेणं’ म्हणतात. ज्याच्या शेतात ती साचली त्याने मुकाट द्यायची, ज्याच्या शेतातून गेली त्याने वाहून न्यायची. यात कुणाचे उपकार नाहीत. दोन वर्षं माती वर गेली नाही, तर वरच्या शेतात खडक डोकं काढतो.

आणि थोरलीचं शेत सगळ्यात वरचं. सासऱ्यांनी वाटणी केली तेव्हा थोरल्या मुलाला वरच्या पायऱ्या दिल्या आणि धाकट्याला खालच्या, रस्त्यालगतच्या. वर ऊन चांगलं, खाली माती चांगली. भावाभावांत माती वर जात होती तोवर वाटणी चोख होती.

मग रस्ता डांबरी झाला आणि रस्त्यामागून कंपनी आली. कंपनीने शाळेत सभा घेतली. भिंतीवर पांढरी चादर लावून त्यावर चित्रं दाखवली. चित्रांत त्यांचंच गाव होतं, फक्त माणसं पुसलेली. कंपनीचा मॅनेजर, गुळगुळीत दाढीचा, बोलायला लोण्यासारखा, म्हणाला, “मंडळी, तुमच्या गावाला भविष्य आहे. इथे पाहुणे येतील, गुंतवणूकदार येतील. का येतील? कारण मानवी हात न लागलेला असा डोंगर आता कुठे उरलेला नाही.”

थोरली मागच्या बाकावरून ताडकन उठली. “मानवी हात लागला नाही? मग आमचे काय पंजे आहेत?”

लोक हसले. मॅनेजरही हसला. तिचा नवरा, थोरला, तिचा पदर ओढत म्हणाला, “अगं, बस. जाऊ दे.” जाऊ दे म्हणण्यात त्या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या या ‘जाऊ दे’पायी घरातून काय काय गेलं होतं, याचा हिशेब थोरलीने ठेवला नव्हता एवढंच त्याचं नशीब.

धाकट्याने खालच्या पायऱ्या कंपनीला भाड्याने दिल्या. शिवाय कंपनीने त्याला देखरेखीची नोकरी दिली, छातीवर नाव शिवलेलं जाकीट दिलं. पायऱ्यांवर लाकडी खोल्या उभ्या राहिल्या. थोरलीने त्याला चुलीपाशी बसवून विचारलं. ती लग्न होऊन आली तेव्हा तो पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायचा. त्याचं नाक पुसलेलं होतं तिने, त्यामुळे विचारायचा हक्क होता.

“माझ्या मातीचं काय?”

“वहिनी, मी ते आधीच बोलून घेतलंय. माती तुम्हाला मिळणार म्हणजे मिळणार. उलट तुमचे कष्ट वाचतील. पाहुणेच वाहून नेणार आहेत.”

“पाहुणे? ते कशाला नेतील?”

“हौस म्हणून.”

तिला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. पण थंडी ओसरायला लागली आणि खरंच खाली फलक लागला. त्यावर टोपली घेतलेल्या बाईचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘मातीला माहेरी न्या. एक अविस्मरणीय अनुभव’. आपल्या आजेसासूच्या तोंडचे शब्द विकायला मांडलेले बघून थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी तिने स्वतःला आवरलं. खडक तिच्या शेतात दोन ठिकाणी वर आला होता. माती कुणाच्या का पाठीवरून येईना, आली म्हणजे झालं.

म्हणून धाकटा जेव्हा म्हणाला, “वहिनी, पाहुण्यांना पट्टा कसा बांधायचा ते तुम्हीच दाखवा ना,” तेव्हा तिने होकार दिला.

रोज सकाळी ती खाली जाई. शहरातली माणसं नवेकोरे बूट घालून तयार असत. ती एकेकाच्या कपाळावर पट्टा बसवी, मान कुठे ठेवायची, पाऊल कसं टाकायचं ते सांगे. माणसं वाईट नव्हती. धापा टाकत, हसत, एकमेकांचे फोटो काढत ती चढत. अर्ध्या चढणीवर कंपनीने एक लाकडी मचाण बांधलं होतं. तिथे टोपल्या रिकाम्या होत, टाळ्या वाजत, गरम चहा मिळे आणि मंडळी खाली परतत.

“इथून पुढे?” तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“इथून पुढे कामगार नेतील, वहिनी. पाहुण्यांना एवढंच झेपतं.”

तेही तिला पटलं. पण दिवस गेले आणि तिच्या शेतात चिमूटभर माती आली नाही. तिने विचारलं की धाकटा म्हणे, उद्या. नवरा म्हणे, येईल गं, जाऊ दे. शेवटी एका संध्याकाळी ती मचाणाकडे निघाली आणि वळणावरच थबकली. गावातलेच चार जण, शेजारपाजारचे, मचाणावरच्या ढिगातून टोपल्या भरत होते आणि टोपल्या घेऊन उतरत होते. खाली. बांधापाशी जाऊन ओतत होते आणि वरून फावड्याने थापटत होते, म्हणजे सकाळी ती साचल्यासारखी दिसावी.

इतके दिवस तिने ज्यांच्या कपाळावर पट्टे बांधले, त्यांनी तीच ती माती वर नेली होती, आणि हे चौघे रोज ती पुन्हा खाली आणत होते. माहेरी निघालेल्या पोरीला अर्ध्या वाटेवरून रोज परत फिरवावं, तसलं हे. आणि ज्यांना कळायला हवं होतं तेच हमालीला!

ती तशीच खाली मॅनेजरच्या खोलीत शिरली. तो खुर्चीवरून उठला, तिला बसा म्हणाला. ती बसली नाही.

“साहेब, माती खाली का आणता?”

“काकू, जरा समजून घ्या. माती मर्यादित आहे. सगळी वर गेली तर पुढच्या पाहुण्यांनी काय न्यायचं?”

तो चेष्टा करत नव्हता. त्याचा चेहरा अगदी प्रामाणिक होता, आणि तिला त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला. लबाड माणसाला शिव्या तरी देता येतात.

“आणि माझं शेत?”

“तुमच्यासाठी आपण काहीतरी करू. हंगाम संपला की बघू.”

“पेरणी तुमच्या हंगामासाठी थांबते का?”

यावर त्याने तिला चहा विचारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली नेहमीपेक्षा लवकर खाली गेली. पट्टे बांधले, टोपल्या चांगल्या गच्च भरून घेतल्या आणि पुढे निघाली. मचाण आलं. चहावाला किटली घेऊन उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“इथे थांबायचं ना?” एका बाईने विचारलं.

“थांबायचंय तर थांबा. पण मातीचं माहेर इथे नाही. ते वर आहे.”

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मग ती बाईच म्हणाली, “चला की, आलोय तर.” आणि सगळी रांग तिच्यामागे चढू लागली. कुणी मध्येच बसलं, कुणाचा बूट घसरला, पण परत कुणी फिरलं नाही. शेतात पोचल्यावर तिने त्यांना वर आलेला खडक दाखवला आणि म्हणाली, “यावर टाका.” टोपल्या रिकाम्या झाल्या. मघाची बाई खाली बसून हाताने माती सारखी करू लागली. तिने वर पाहून विचारलं, “इथे खरंच काही उगवतं?” थोरलीने सांगितलं, “सातू.” ती बाई खूश होऊन गेली. पाहुणे जेवून पुन्हा खाली गेले आणि दुसरी खेप घेऊन आले. कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत दोन्ही खडक दिसेनासे झाले आणि पाहुणे आपल्या खोल्यांकडे उतरले.

थोरला बांधावर बसून हे सगळं बघत होता. “भांडण होईल गं,” तो म्हणाला.

“व्हायलाच हवं होतं. फार उशीर झालाय.”

भांडण अंधार पडायच्या आत चालत वर आलं. पुढे धाकटा, ते शिवलेल्या नावाचं जाकीट घालून, आणि मागे ते चौघे, रिकाम्या टोपल्या आणि फावडी घेऊन.

“वहिनी, हे तुम्ही बरं नाही केलं. मॅनेजर भडकलाय. माती कंपनीच्या जागेतली आहे. ही चोरी आहे म्हणतो.”

“कोण म्हणतो चोरी? तो म्हणतो की तू म्हणतोस?”

धाकट्याने मान खाली घातली. “मला ती परत न्यायला सांगितलंय. नाही नेली तर माझी नोकरी जाईल.”

“तुझा बाप मरेपर्यंत या चढणीवरून माती घेऊन आला. कपाळावर पट्ट्याचा वळ घेऊन गेला तो माणूस. तो काय चोर होता? तू याच शेतावर पोसलास, गाढवा! तेव्हा ही माती कुणाच्या बापाची होती?”

चौघे शेजारी फावड्यांच्या दांड्यांकडे बघत उभे राहिले. त्यातला एक पुटपुटला, “थोरले, आम्हाला कशाला लाज आणता? आम्ही सांगितलं तेवढं करतो.”

“लाज मी आणत नाही. ती आपल्या पायांनी आलीय तुमच्याकडे.”

धाकट्याने कुणाकडे न बघता फावडं उचललं आणि भरायला सुरुवात केली. फावड्यागणिक टोपली भरत गेली. थोरली तिथेच उभी होती. त्याचा हात धरावा, फावडं हिसकावून घ्यावं, असं तिला वाटलं. पण ते पाच होते, आणि उद्या पुन्हा आले असते. ती वळली आणि तरातरा घराकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या काखेत सातूच्या बियाण्याचं पोतं होतं, वर्षभर उंदरांपासून जपलेलं.

थोरला उठून उभा राहिला. “अगं, ते बियाणं आहे!”

“मला काय, साखर वाटली?”

तिने पोत्याचं तोंड सोडलं, ओंजळ भरली आणि नव्या मातीवर बी फेकायला लागली.

त्या गावात भाऊ एक वेळ भावाच्या डोक्यात फावडं घालेल, पण पेरलेल्या मातीत घालणार नाही. ती कुणाचीही असो, भांडण कुठवरही गेलेलं असो, बी पडलं की त्या शेताला कापणीपर्यंत हात लावायचा नाही. हे कुणी शिकवत नाही. चौघांनी फावडी खाली घेतली, मागे सरले आणि बांधावर जाऊन उभे राहिले.

“वहिनी, थांबा!” धाकटा ओरडला. “अजून थंडी गेली नाही. एक रात्र गारठा पडला तर कोंब जळून जातील. सगळं बी वाया जाईल, वहिनी!”

“जाऊ दे वाया. बी मी दारोदार फिरून मागून आणीन. माती कोण देणार होतं मला? तू?”

ती बी फेकत चालली होती आणि रडत होती. रागाने रडत होती, आणि डोळे कुणी पुसायला आलं असतं तर तिने त्याचा हात झटकला असता. वर्षभराचं पीक ती एका संध्याकाळी डावावर लावत होती, तेही स्वतःच्याच घरच्या माणसाच्या हातून स्वतःचीच माती वाचवण्यासाठी. थोरला आला आणि पोतं उचलून तिच्या मागोमाग चालू लागला.

बांधावरचे चौघे रिकाम्या टोपल्या घेऊन उतरून गेले. शेताच्या कडेला धाकटा एकटा राहिला, पेरायच्या आधी भरलेली ती एकच टोपली पाठीवर घेऊन. ती नेली असती तरी चाललं असतं. मॅनेजरला दाखवायला तेवढी पुरली असती. तो खाली दोन पावलं गेला, थांबला, परत आला. त्याने कपाळावरचा पट्टा काढला आणि शेताच्या कोपऱ्यात, बी न पडलेल्या जागी, टोपली उपडी केली.

थोरलीने वळून त्या ढिगाकडे पाहिलं.

“पसरव की ती,” ती म्हणाली. “ढीग करून फोटो काढायला हे काय तुझं हॉटेल आहे?”

धाकटा गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी माती पसरवू लागला. ती पसरून होईपर्यंत थोरली ओंजळ भरून त्याच्या डोक्याशी उभी राहिली. मग तिने तेवढ्या जागेवरही बी फेकलं.