काचेचा ग्लास

‘सर, तुम्ही तिथं होतात. पाहिलं तेवढंच लिहून द्या.’ धम्मशीलाचं हे पत्र दिवाळीत आलं. आठ महिने मी रोज मनात उत्तर लिहीत होतो. कागदावर एक ओळ उतरली नाही.

गावच्या वाचनालयात मी चौतीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली. ती तिथली वाचक. आता सेलूला नर्स आहे. दिवाळीआधीच्या उन्हाळ्यात एका दुपारी देवगाव फाट्यावर अचानक भेटली. उन्हात रस्ता पाण्यासारखा हलत होता, एसट्या त्यावर तरंगत येत होत्या. आम्ही बन्सीधरच्या हॉटेलात बसलो. माझ्यापुढं काचेचा ग्लास आला, तिच्यापुढं कागदी. तिनं काचेचा मागितला.

"काचेचे संपले, बाई," बन्सीधर म्हणाला.

ओट्यावर धुतलेले ग्लास उपडे होते. त्यांच्यात ऊन भरलं होतं. मला काय सुचलं कोण जाणे, दोन घोट घेतलेला माझा ग्लास मी तिच्याकडं सरकवला. आपण मोठं मन दाखवलं, असंही वाटलं.

"तुमचा नको, सर. माझा पाहिजे."

तिनं पोलिसांत तक्रार केली. साक्षीदार मी एकटा. कायद्यानं मन बदलत नाही, असं कुठंतरी वाचलं होतं; ते वाक्य मला फार सोयीचं पडलं. तिच्या पत्रात मात्र पुढं होतं : ‘त्याचं मन त्याच्यापाशी राहू द्या. चहा विकतो ना, मग मलाही तसाच विकावा.’

आज सकाळी नेहमीसारखा हॉटेलात गेलो.

"तारीख आली म्हनं पुढच्या हप्त्यात," बन्सीधर चहा गाळत म्हणाला. "पन साक्षीला कोन हाय? हाटेल माजं, ग्लास माजे. उद्या आमची सून मला कोन्या ताटात वाढती ते बी सरकार बघनार का?"

"हे घर नाही बन्सीधर. बाहेर हॉटेलची पाटी लावलीस तू."

इतकं हळू बोललो, की त्याला ऐकू गेलं नसावं. मग म्हणालो, "मला कागदीत दे."

"तुमाला कशाला, सर? तुमी आपले."

त्याच्या आवाजात माया होती. तीच सोसेना. चहा तसाच ठेवून उठलो.

स्टँडच्या बाकावर बसून चार ओळी लिहिल्या. काय दिसलं, कुणी काय म्हटलं. माझा ग्लास सरकवला तेही लिहिलं. खोडावंसं वाटलं, खोडलं नाही. पाकिटावर धम्मशीलाचा सेलूचा पत्ता घातला.

पोस्टाच्या खिडकीतल्या मुलीनं पाकीट उलटून पाहिलं. "काका, पाठवनाऱ्याचं नाव ऱ्हायलंय."

"लिहायलाच पाहिजे का?"

"मंग कुनाचं म्हनू?"

पाकीट परत घेतलं. माझं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आडनाव, गाव, पिन कोड. अक्षर वाकडं आलं. तिनं शिक्का मारला आणि मागच्या पिशवीत टाकलं. बाकीच्या पत्रांवर पडताना त्याचा आवाजही झाला नाही.