काढायलाही कुणीतरी हवं

मी एक जुना, पिवळा इअरमफ आहे. नाव ऐकून गोंधळू नका मित्रांनो. कानांवर बसणाऱ्या दोन जाड वाट्या, त्यांच्या आत फोम आणि डोक्यावरून जाणारी एक पोलादी पट्टी, झालं माझं शरीर! अकोल्यात मला सगळे हेडफोनच म्हणतात. घरी आलेली पाहुण्यांची पोरं मला कानाला लावून वाट बघतात आणि म्हणतात, "हे तं बंद पडलं!" अरे, बंद पडलं काय? माझ्यात गाणं वाजतच नाही. बाहेरचा आवाज आत येऊ द्यायचा नाही, हेच माझं काम. ते मी चोख करतो. नको तितकं चोख करतो, आणि तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात साच्यातून झाला. त्याची मला फारशी आठवण नाही. मला आठवते ती अकोल्याजवळची एक जिनिंग. तिथं यंत्रं कापसातून सरकी वेगळी करायची, आणि ती अशी धडधडायची की शेजारचा काय बोलतो ते कळायला त्याचे ओठ बघावे लागत. मला कामगारांसाठी आणलं होतं. एकानं हौसेनं लावलं. त्याला मुकादमाची हाक ऐकू आली नाही, आणि बिचाऱ्यानं पोटभर शिव्या खाल्ल्या. झालं! त्या दिवसापासून मी खिळ्यावर. समोर एवढा धिंगाणा चालू आणि मी आपला धूळ खात लटकलेला. फार चीड यायची.

मला तिथून सोडवलं अब्दुल सत्तार यांनी. त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. कापूस न्यायला ते जिनिंगमध्ये येत. एकदा त्यांची नजर माझ्यावर पडली. "हे कोणी वापरत नसन तं मले द्या, माह्या पोरीले कामी येईन," ते म्हणाले. मॅनेजरनं हात हलवला, घेऊन जा म्हणून. कापसाच्या गाठोड्यावर बसून मी त्यांच्या घरी आलो.

त्यांची धाकटी मुलगी फलक सहावीत होती. मित्रांनो, तुम्हाला आवाज ऐकू येतो. फलकला तो लागतो. कुकरची शिट्टी झाली, ऑटोचा हॉर्न वाजला, स्टीलचं ताट फरशीवर पडलं की ती कळवळायची. आणि दैव बघा, दुकान घराच्या पुढच्याच खोलीत, अन् तिथं दिवसभर कापूस पिंजायचं मशीन चालायचं!

मग ती कान झाकत का नव्हती, असं तुम्ही विचाराल. तिचे हात तिचं ऐकत नाहीत, म्हणून. मन सांगतं एकीकडे, हात जातो भलतीकडे, आणि तोही उशिरा. गुंडी लावताना तिचा घामटा निघतो. माझ्याआधी तिच्यासाठी कानात घालायच्या फोमच्या छोट्या बोळ्या आणल्या होत्या. एकेक बोळी बोटांत वळून बारीक करायची, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा आणि बोळी फुगायच्या आत ती कानात सरकवायची. फलकच्या हातून ती वळतानाच सुटायची आणि पलंगाखाली जायची. कापसाचे बोळे कानात राहायचे, पण त्यांनी आवाज काही अडायचा नाही.

मी आलो त्या दिवशी अब्दुल सत्तार यांनी मला तिच्या कानांवर बसवलं आणि मशीन सुरू केलं. फलकनं घट्ट मिटलेले डोळे हळूच उघडले. "अब्बा, कापूस उडून राहिला!" ती केवढ्यानं ओरडली! कान झाकलेल्या माणसाला आपला आवाज केवढा ते कळत नाही ना. तिची अम्मी हलीमाबी हिनं माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. काय ते कौतुक! इतकी वर्षं खिळ्यावर काढलेली, मला तर गहिवरूनच आलं.

पण कौतुकाचे दिवस सरले आणि खरी कोंडी समोर आली. मला लावायचं तर माझ्या दोन्ही वाट्या एकाच वेळी, सारख्या जोरानं ताणाव्या लागतात. फलकचा उजवा हात पुढं निघायचा, डावा मागं राहायचा, आणि मी फटकन तिच्या नाकावर. तिला जमेपर्यंत हॉर्न वाजून ऑटो निघूनही जायचा. म्हणून मग मला दुसरेच लावून देऊ लागले.

लावून देत, आणि निघून जात! माझी पट्टी मोठ्या माणसांच्या डोक्यांसाठी बनवलेली, तिची पकड पक्की. मला काढायचं तरी तेच दोन्ही हातांचं काम. फलक गप्प बसलेली दिसली की सगळ्यांना वाटे, चला, पोरीला आराम पडला. कुकर केव्हाच उतरलेला असे, मशीन बंद झालेलं असे, घरातले हसत-बोलत असत, आणि फलक नुसती त्यांच्या ओठांकडे बघत बसलेली.

ती मला काढायला हात वर नेई. हात थरथरत येई आणि माझ्यावर आपटे. बघणाऱ्याला वाटे, मी घसरलोय आणि ती मला नीट बसवते आहे. लगेच कुणीतरी प्रेमानं धावत येई आणि मला आणखी दाबून बसवी. "काढा" असं ती हळू म्हणाली तर कुणाला ऐकू जात नसे, आणि जोरात म्हणाली तर "ओरडू नको वं!" म्हणून दटावणी. अरे देवा, कुणाला सांगू! मला तोंड असतं तर मीच बोंब मारली असती. बाहेर आवाजाची कोंडी आणि आत माझी. पोरीनं जावं कुठं?

एकच आवाज तिला कधी लागला नाही. तिच्या मोठ्या बहिणीचा, शाइस्ताचा. शाइस्ता रजयांच्या खोळी शिवायची आणि शिवताना हलक्या आवाजात फलकशी बोलत राहायची. तिचं लग्न अमरावतीला ठरलं तेव्हा फलकनं तिच्याजवळ एकच हट्ट धरला.

"आपा, निकाहात तू कबूल म्हणशीन तवा मले ऐकाचं हाये."

"मंग माह्या बाजूलेच बसजो," शाइस्ता म्हणाली. "पयलं तुलेच ऐकू येईन."

नवा ड्रेस नको, बांगड्या नको. फलकनं लग्नातून मागितलं ते एवढंच.

लग्नाच्या दिवशी दुपारी वरात हॉलच्या दारात आली. बँड, त्यावर फटाक्यांची लड! हलीमाबीनं धावत येऊन मला फलकच्या कानांवर बसवलं. मी घसरू नये म्हणून वरून ओढणी घेतली आणि ती पिनांनी पक्की केली. मग ती पाहुण्यांकडे पळाली. मुलीची आई ती, तिला उसंत कुठली! लड तडतडत होती तोवर मी माझं काम झकास केलं. फलक शाइस्ताला टेकून शांत बसली होती.

फटाके संपले. बँड थांबला. बायकांच्या खोलीत निकाहचे वकील आणि दोन गवाह, म्हणजे साक्षीदार, आले, नवरीची कबुली विचारायला. सगळ्या एकदम चूप झाल्या. फलकला कळलं, हीच ती वेळ. तिनं हात वर नेला. तो ओढणीत अडकला आणि माझ्यावर आपटला.

शेजारी वच्छलाकाकू बसल्या होत्या. मोहल्ल्यातल्याच, फलकला लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळवलेल्या. "सरकून राहिलं वाट्टे बाई," असं पुटपुटत त्यांनी मला दोन्ही बाजूंनी दाबलं.

"काढा," फलक म्हणाली. तिला वाटलं आपण मोठ्यानं म्हणालो. नुसता श्वास बाहेर आला होता. तिनं पुन्हा हात उचलला. काकूंनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला आणि मांडीवर ठेवून मायेनं थोपटू लागल्या. "थांब माय, आता होतेच."

वकिलांनी विचारलं. शाइस्तानं ओढणीआडून बाजूला पाहिलं. फलक जवळ होती, मी तिच्या ओढणीखाली झाकलेलो होतो. शाइस्ताला वाटलं, ही ऐकते आहे. आणि ती म्हणाली, "कबूल है."

मित्रांनो, ते शब्द माझ्यापर्यंत आले. किती हळू होते! फलकच्या कानापासून बोटभर अंतरावर होते. आणि मी ते अडवले. मला दुसरं काही करताच येत नाही. त्या क्षणी मला स्वतःची इतकी शिसारी आली की विचारू नका.

बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. त्या हलणाऱ्या तोंडांवरून फलकला समजलं, की झालं. बऱ्याच वेळानं हलीमाबी आली आणि पिना काढू लागली. "झालं बेटा, संपले फटाके."

"आपा बोलली?"

"बोलली नं! तू तं बाजूलेच होती."

फलक अशी रडली की तिला धाप लागली. "बहीण चालली नं तिची," वच्छलाकाकू म्हणाल्या आणि त्यांनीही डोळे पुसले. सगळ्यांनीच पुसले. काय झालं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पाठवणीच्या वेळी गाडी दारात उभी होती. शाइस्ता आत बसली. ड्रायव्हरनं घाईघाईनं हॉर्न दाबला. हलीमाबी मला घेऊन धावली. फलक मागं सरली आणि ओरडली, "मले नको ते! मले कबूल ऐकू नाई आलं. मी काढा म्हणत होती, अन् तुमी दाबून राहिल्या होत्या!"

वच्छलाकाकूंनी पदर तोंडाला लावला. पुन्हा हॉर्न वाजला. फलक वेदनेनं वाकली. तिचा एक हात कानापाशी पोचला, दुसरा खांद्यावरच आपटला. हलीमाबी मला उचलून तिच्यापाशी आली आणि तिथंच थांबली.

"लावू का बेटा?" तिनं विचारलं. एवढ्या दिवसांत हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला.

"नको."

शाइस्ता गाडीतून खाली उतरली. तिनं फलकचं डोकं जवळ घेतलं आणि कानाशी तोंड नेलं. ती काय म्हणाली ते मला सांगता येणार नाही. मी हलीमाबीच्या हातात होतो, मला ऐकू आलं नाही. फलकला आलं. ती मान हलवून हसली, डोळे पुसायला गेली ते गालच पुसले, आणि म्हणाली, "अम्मी, आता लाव."

पुढच्याच आठवड्यात अब्दुल सत्तार यांनी माझी पट्टी वाकवून सैल केली. माझ्या दोन्ही वाट्यांना गादीच्या पट्टेरी कापडाचे मोठे फासे शिवले. आता फलक कोणत्याही एका फाशात मूठ घालते आणि खाली ओढते. मी वेडावाकडा निघतो, कधी फरशीवर आपटतो. एका वाटीला तडाही गेलाय. जाऊ दे गेला तर!

पण लावायला तिला अजूनही कुणीतरी लागतंच. शाळेच्या वाटेवर डीजेची गाडी आली आणि सोबत कुणी नसलं, तर ती भिंतीपाशी बसून गुडघ्यांत डोकं घालते. मी तिच्या दप्तरात असतो, अगदी हाताशी, आणि तरी काहीच कामाचा नसतो. तेव्हा फार वाईट वाटतं.

म्हणून मित्रांनो, तुमच्या वर्गात किंवा गल्लीत अशी कुणी असेल, तर तुमचा आवाज आधी कमी करा. मला लावायचं झालं तर तिला विचारून लावा, आणि लावल्यावर पळून जाऊ नका. तिचा हात माझ्याकडे आला तर मला दाबू नका, एकदा काढून बघा. कदाचित तिला तुमचंच बोलणं ऐकायचं असेल.